१५ ऑगस्ट आणि बेटावरची सुट्टी – तुमचे अनुभव लिहा

मुठाकाठ
सकाळी सोसायटीत झेंड्याची दोरी अडकली, वॉचमनकाका शिडी घेऊन आले आणि मला एकदम बाबाच आठवले. २०१६ ला १५ ऑगस्ट सोमवारी आला होता, शनिवार-रविवार जोडून आम्ही अंदमानला गेलो, पुणे-चेन्नई आणि तिथून पुढे साधारण दोन तास. सगळे म्हणत होते ऑगस्टात तिकडे धो धो पाऊस असतो, डिसेंबरात जा. पण बाबांचं एकच, सेल्युलर जेल बघायचं तर स्वातंत्र्यदिनालाच. फर्ग्युसनचे विद्यार्थी ते, तिथल्या वसतिगृहात सावरकर राहायचे ती खोली आम्हाला लहानपणीच दाखवलेली.

तर १५ ला सकाळी इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला झेंडा, आणि जाऊन बघतो तर जेल बंद! राष्ट्रीय सुट्टी म्हणून. ज्यांच्याकडून बुकिंग केलं त्यांनी एका शब्दाने सांगितलं नव्हतं. मला इतका राग आला, आणि बाबा मात्र काहीच बोलेनात. फाटकासमोर सरळ उभे राहिले. पाऊस सुरू झाला, छत्री उघडू देईनात. तिथेच जनगणमन सुरू केलं, मागे मी आणि आई, मग बाजूला एक बंगाली कुटुंब होतं तेही.

दुसऱ्या दिवशी दुपारचं विमान, म्हणून उघडल्या उघडल्या आत शिरलो. मूळच्या सात इमारती, मधल्या मनोऱ्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या, आता तीनच उरल्यात. सावरकरांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर, टोकाची. बाबांनी आधी पावलं टाकून लांबी मोजली, मग भिंतीला हात लावला तो किती तरी वेळ काढलाच नाही.
बाबांना जाऊन आता पाच वर्षं होतील. आतली कोठडी आठवतेच, पण मला ते पावसातलं बंद फाटक जास्त दिसतं. तुम्ही कोणी अशी सुट्टी बेटावर काढली असेल तर लिहा ना, देश कुठलाही चालेल.

बाणेरकर
डोळ्यात पाणी आलं वाचून. तो कोलू, म्हणजे तेलाचा घाणा, बघितलात का? माणसाला बैलासारखं जुंपून रोज ठरलेलं खोबरेल काढून घ्यायचे, कमी पडलं की शिक्षा. आणि सावरकरांचे थोरले भाऊ बाबारावही तिथेच होते, एका तुरुंगात असून भावाभावांची भेट नाही. मी तिथे उभा राहून माझ्या भावाला फोन केला, दोन वर्षं बोलत नव्हतो आम्ही.

चिमणी
@बाणेरकर मग बोलले का?? पुढचं सांगा

बाणेरकर
बोलला. गणपतीला घरी पण आला.

प्राजक्त
आमचं बाली. १५ ला निघालो आणि १७ ऑगस्टला इंडोनेशियाचा स्वातंत्र्यदिन निघाला, १९४५ चा, आपल्या दोन वर्षं आधीचा! गल्लीबोळात लाल-पांढरे झेंडे. उबुडजवळच्या एका गावात सुपारीच्या उंच खोडाला तेलकट काहीतरी चोपडून वर बक्षिसं टांगली होती, सायकल, बादल्या, कपडे, आणि पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढत होती. पनजत पिनांग म्हणतात. आमचा लेक ओरडला, आई दहीहंडी!! घसरत होती, परत चढत होती, बायका खालून ओरडून नुसता गोंधळ. लहान मुलांसाठी दोरीला पापड बांधलेले, हात मागे धरून नुसत्या तोंडाने खायचे, त्यात आमच्या लेकालाही घेतलं. भाषा कळत नव्हती पण कोणी परकं वाटू दिलं नाही. बीचचे फोटो काढलेत शेकड्याने पण परत परत बघते ते त्या पापडाचेच.

सिंहगडप्रेमी
आमचा १५ ऑगस्ट कायम सिंहगडावर. पहाटे पाचला निघा नाहीतर घाटात अडकाल. झुणका भाकरी, मडक्यातलं दही. बेट नाही पण ढगात बुडालेला असतो तेव्हा बेटच वाटतो.

देशस्थ
ताई अमेरिकेत असते, ४ जुलैला आईला घेऊन सगळे हवाईला गेलो होतो. रात्री होनोलुलूत ‘आला मोआना’ नावाच्या किनाऱ्यावर आतषबाजी, लोक दुपारपासून चटया टाकून बसलेले. पण आईचं लक्ष वेगळीकडेच. आधी काउआई बेटावर हनालेई खोऱ्यात गेलो होतो तर सगळीकडे पाण्यात अळू! शेतंच्या शेतं. टारो म्हणतात, कंद उकडून कुटून पोई करतात. आईने तिथल्या एका आजींना खुणांनी विचारलं की पानं खाता का, तर त्या पानात मांस गुंडाळून वाफवतात म्हणे. दोघी अर्धा तास खुणांवर बोलत होत्या. त्या आजींच्या नातीने सांगितलं की ४ जुलैपेक्षा ३१ जुलै त्यांच्या घरी जवळचा, १८४३ मध्ये त्या दिवशी ब्रिटिशांकडून त्यांचं राज्य परत मिळालं होतं. पुढे १८९८ ला अमेरिकेने घेतलंच. आतषबाजी बघताना आई हळूच म्हणाली, त्या आजींना काय वाटत असेल रे आत्ता.

चिमणी
तुमच्या आईंना नमस्कार सांगा. अळू घशाला खाजत नाही का तिकडचं

देशस्थ
खूप वेळ शिजवतात. आईने ताईकडे जाऊन फदफदं केलंच, चिंच, गूळ, दाणे सगळं घालून.

प्राजक्त
मी मुळा पण घालते, हरभऱ्याची डाळ आणि खोबऱ्याचे काप हवेतच

वाकडेवाडी
मुठाकाठ, आईला पुढच्या वर्षी अंदमानला न्यायचं म्हणतोय, तिची ७५ पूर्ण होतील. हॅवलॉक बेटपण करायचंय. ऑगस्ट चालेल का?

मुठाकाठ
नाही हो, आईंना घेऊन नका जाऊ ऑगस्टात. समुद्र खवळलेला असतो, बोटी रद्द होतात, आम्ही हॅवलॉकला जाऊच शकलो नाही. आता स्वराज द्वीप नाव आहे त्याचं, २०१८ पासून, आणि पोर्ट ब्लेअर २०२४ ला श्री विजयपुरम झालं, तिकीट काढताना गोंधळू नका. नोव्हेंबर ते मार्च बरं. जमलं तर ३० डिसेंबर धरून जा, १९४३ मध्ये त्या दिवशी नेताजींनी तिथे तिरंगा फडकवला होता. सूर्य पाच-साडेपाचच्या आसपासच मावळतो तेव्हा फिरणं सकाळीच उरका. आणि जेलचे जिने खूप आहेत, आईंना गुडघ्याचा पट्टा बांधून न्या, वरपर्यंत न्या मात्र.

वाकडेवाडी
नेतो. पट्टा आहे तिच्याकडे.

चिमणी
मुठाकाठ बाबांचा तो फोटो आहे का फाटकासमोरचा

मुठाकाठ
नाही गं, कोणाला सुचलंच नाही. खिशाला लावलेला झेंडा आहे, भिजून रंग उतरलाय, आईने पोथीत ठेवलाय.