भ्रमनिरास, मोहभंग की मनातून उतरणं?

कानामात्रा
ब्रिटनच्या २००५ च्या निवडणुकीवरचा एक लेख मराठीत आणताना एका वाक्यात गाडं अडलंय. मूळ शब्द 'डिसइल्यूजन्ड'. मसुद्यात होतं : 'इराक युद्धामुळे मजूर पक्षाच्या मतदारांचा भ्रमनिरास झाला.' मुद्रितशोधकांनी ते खोडून 'मोहभंग' केलं आणि समासात शेरा मारला, 'निरास असा शब्द नाही, निराश हवे.' पुढे 'परराष्ट्र धोरण'चंही 'विदेश नीती' केलंय. शेरा चूक आहे एवढं कळतं. पण मोहभंग चालेल का?

विसर्गसंधी
शेरा साफ चूक. निरास म्हणजे दूर सारणं : निस् + अस् (फेकणे). शंकानिरसनातला धातू तोच, आणि कायद्याच्या पुस्तकात शेवटी 'निरसन व व्यावृत्ती' असं कलम असतं त्यातलाही तोच. निराशेत 'आशा' आहे, तिचा इथे संबंध नाही. भ्रमनिरास हा मुळात दुःखाचा शब्दच नव्हे. दोरीवर भासलेला साप नाहीसा झाला की भ्रमाचा निरास होतो, आणि माणसाला हायसं वाटतं. दुःखाची छटा पुढे चढली ती 'निराश'च्या शेजारामुळे, असं माझं मत.

तिरकस
मत छान, पण मग इंग्रजी शब्दाचं काय? तिथेही 'भ्रम काढून घेणे' एवढाच अर्थ, शेजारी कोणी निराश नाही, तरी दुःख चढलंच. भ्रम गोड असेल तर तो गेल्याचं वाईट वाटणारच. त्यासाठी व्युत्पत्ती कशाला हवी?

ओलीसुकी
मोहभंग हिंदीतून आलेला आहे. तिथे मोह म्हणजे आसक्ती, त्यामुळे तो भंगतो. आपल्याकडे मोह 'आवरत' नाही, मोहाला 'बळी' पडतात. दुसरा लाडू न घेणं हा मराठी कानाला मोहभंग वाटेल. (कृ.ह.घ्या.)

मतपेटी
शब्द निवडण्याआधी तो कोणत्या मतदाराला लावायचा हे ठरवा. २००५ मध्ये सत्तेत असलेल्या, ब्रिटनला इराक युद्धात नेणाऱ्या मजूर पक्षावर रागावलेले सगळे एका जातीचे नव्हते.

एक गट सप्टेंबर २००२ च्या सरकारी दस्तऐवजावर विश्वास ठेवणारा. इराक ४५ मिनिटांत संहारक अस्त्रं सज्ज करू शकतो, हा दावा त्यातलाच. २००४ पर्यंत तपास पथकांना अस्त्रांचे साठे सापडले नाहीत हे स्पष्ट झालं. या गटाच्या मनात खरोखर भ्रम होता आणि त्याचा निरास झाला. इथे भ्रमनिरास शंभर टक्के बरोबर.

दुसरा गट १५ फेब्रुवारी २००३ ला लंडनच्या युद्धविरोधी मोर्चात उतरलेल्यांचा. युद्धाला अजून महिनाभर अवकाश होता. यांना भ्रम नव्हताच, तर निरास कसला? यांच्या बाबतीत 'दुरावले', 'विश्वास उडाला' असं लिहा. खासदारांतही हे होतंच : रॉबिन कुक यांनी १७ मार्चला मंत्रिमंडळ सोडलं. दुसऱ्या दिवशी सभागृहात 'युद्धाचं समर्थन अजून सिद्ध झालेलं नाही' या आशयाची दुरुस्ती ३९६ विरुद्ध २१७ अशी पडली. त्या २१७ मध्ये मजूर पक्षाचे स्वतःचे १३९ होते.

तिसऱ्या गटाचा इराकशी संबंधच थोडा. १९९७ ला मोठ्या अपेक्षेने मत दिलं आणि आठ वर्षांत कंटाळले. हा अपेक्षाभंग.

तिन्ही गट एका 'भ्रमनिरासा'त कोंबले की वाचणाऱ्याला वाटतं, सगळेच फसवले गेले होते.

ओलीसुकी
+१. मग तिघांना पुरेल असा शब्द आहेच की : 'पक्ष त्यांच्या मनातून उतरला.' कारण काहीही असो, उतरला हे खरं.

विसर्गसंधी
बोलण्यात ठीक. विश्लेषणपर लेखात 'मनातून उतरला' म्हणजे सोवळ्यावर पायताण.

तिरकस
'भ्रमनिरास' लिहिल्यावर मुद्रितशोधकालाच तो शब्द वाटेना, इतकं तुमचं सोवळं कडक. वाचकाला कळलं नाही तर शुद्ध शब्द काय देव्हाऱ्यात ठेवायचा?

मतपेटी
'मनातून उतरला' मला आवडलं, पण एक सांभाळा. मनातून उतरलेल्या पक्षाला लोक मत देत नाहीत असं वाचक गृहीत धरतो. प्रत्यक्षात मजूर पक्षाची मतं २००१ च्या ४०.७ टक्क्यांवरून ३५.२ वर आली, तरी ६६ जागांचं बहुमत उरलं. कारण मतदारसंघनिहाय पद्धत, आणि दुसरं म्हणजे रागावलेल्याला जायला जागा नव्हती. मुख्य विरोधकांनी (कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने) युद्धाला पाठिंबाच दिला होता, त्यामुळे युद्धावर चिडलेला माणूस तिकडे कशाला जाईल? त्यांची मतं ३१.७ वरून जेमतेम ३२.४ झाली. युद्धाला विरोध करणारे लिबरल डेमोक्रॅट १८.३ वरून २२ टक्क्यांवर आणि ५२ जागांवरून ६२ वर गेले. बेथ्नल ग्रीन अँड बो मध्ये मजूर पक्षातून काढलेले जॉर्ज गॅलोवे ८२३ मतांनी निवडून आले, तेही खासदार असलेल्या उमेदवाराला पाडून.

म्हणून या लेखात 'सत्ताविरोधी लाट' अजिबात लिहू नका. लाट म्हणजे सगळं एका दिशेला वाहतं. इथे धार फुटली होती. आणि 'विद्यमान' खासदार की 'मावळते' खासदार हेही पाहा. 'मावळते' म्हटलं की ते जाणार हे आधीच ठरलेलं वाटतं.

दुरेघी
विदेश नीतीबद्दल कोणीच बोलेना. मराठीत नीती म्हटलं की आधी सदाचार आठवतो. 'नीतिमत्ता', 'अनीतीचा पैसा'. राजनीती, कूटनीती आहेत, पण ते समास जुने. सुटं 'सरकारची नीती' म्हटलं की सरकार सद्वर्तनी आहे का याची चर्चा सुरू झाल्यासारखं वाटतं. परराष्ट्र धोरणच ठेवा. धोरण हा धुरेवरून आलेला अस्सल शब्द. गाडी कुठे न्यायची ते धुरेवर ठरतं.

विसर्गसंधी
धुरेवरून नव्हे. संस्कृतात धोरणी म्हणजे अखंड ओळ, परंपरा. एकाच ओळीने चालत राहणं ते धोरण. धुरा आणि धोरण यांत फक्त 'ध' आणि 'र' सारखे, तेवढ्यावर सोयरीक जुळत नाही.

तिरकस
मग जे सरकार दर महिन्याला दिशा बदलतं त्याला धोरण नाहीच, असं म्हणायचं. मान्य!

पानगळ
मला वेगळाच प्रश्न पडला. मजूर पक्ष लिहिता, मग समोरच्यांना हुजूर पक्ष का नाही लिहीत? जुन्या वर्तमानपत्रांत मजूर-हुजूर ही जोडी सर्रास असायची. यमक तर आहेच, वर एका शब्दात वर्गही कळतो.

विसर्गसंधी
कळतो, म्हणूनच नको. 'मजूर' निदान मूळ नावाचं भाषांतर आहे. 'हुजूर' हा टोमणा आहे, त्या पक्षाच्या नावात हुजुरी कुठेच नाही.

तिरकस
विसर्गसंधी, मजूर फारसी आणि हुजूर अरबी. सोवळं आधीच विटाळलं.

दुरेघी
हुजुरात म्हणजे पेशव्यांचं खासगी घोडदळ. हुजूर म्हणजे 'समोरची हजेरी', 'हजर' त्याच मूळचा. 'जी हुजूर' मागाहून.

कानामात्रा
सगळ्यांचे आभार. मतपेटींच्या सांगण्यावरून वाक्य तीन तुकड्यांत मोडतो. पण त्याच लेखात तुलनेसाठी २०२४ ची अमेरिकेतल्या मिशिगनची प्राथमिक निवडणूक (पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणारी) आहे. तिथे गाझा धोरणावरून एक लाखावर डेमोक्रॅट मतदारांनी 'अनकमिटेड' (कोणत्याच उमेदवाराला बांधील नाही) या पर्यायावर खूण केली. त्याला 'कुंपणावरचे' लिहिलंय.

मतपेटी
अर्थ उलटा झाला. कुंपणावरचा माणूस ठरवत नाही. हे ठरवून गेले होते. मतपत्रिकेवर उमेदवारांच्या खाली तो पर्याय छापलेला असतो, त्यावर मुद्दाम खूण करावी लागते. 'तटस्थ'ही नको. तट म्हणजे काठ, काठावर उभा राहून बघणारा तो तटस्थ. हे पाण्यात उतरलेले होते.

ओलीसुकी
'अबांधील'?

विसर्गसंधी
बांधील हे विशेषण मराठी कृदन्त, त्याला संस्कृत 'अ' लावायचा का, हा स्वतंत्र धागा होईल.

तिरकस
'अबोल', 'अजाण' चालतात ना? बोल आणि जाण कुठले संस्कृत?

पानगळ
नोटा म्हणा, मोकळे व्हा.

मतपेटी
नोटा नाही. नोटा एकाही उमेदवाराला पोचत नाही. इथे 'अनकमिटेड'च्या वाट्याला पक्षाच्या अधिवेशनाचे दोन प्रतिनिधी आले होते.

विसर्गसंधी
'अबोल'चं मी उद्या सविस्तर लिहितो. तो अपवाद आहे.