दिवाळीच्या फोटोत चांगलं दिसायला कसं उभारायचं?

प्रश्न (शहापूर, बेळगाव): पाडव्याला सगळे राजहंसगडावर जाणार आहोत. गेल्या वर्षी माझे दंड फोटोत नुसते पसरलेले, इरकलीचा पदर चोळामोळा. आई सत्तरीची झाली, तिच्यासोबत एक तरी मनासारखा फोटो हवाय.

उत्तर (खानापूर): ताई, कॅमेऱ्यासमोर सरळ उभारू नका. अंग जरा तिरकं, वजन मागच्या पायावर. दंड अंगापासून दोन बोटं सुटा ठेवा, दाबला की चपटा होऊन रुंद दिसतो. आणि ग्रुपमध्ये कडेला नको. मोबाईलची रुंद लेन्स कडेची माणसं ताणते. काढणाऱ्याला दोन पावलं मागं जाऊन झूम करायला सांगा.

उत्तर (निपाणी): दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली सावल्या पडतात, सव्वापाचला काढा. पणती हनुवटीखाली नको, छातीशी हात पुढे करून धरा.

प्रश्नकर्ती: काल अंगणात पोरांच्या किल्ल्यापाशी करून बघितलं. आईला खुर्चीत बसवलं, मी स्टुलावर, डोकी जवळ. "हस" म्हटलं की ती ताठ होते. करंजीचं सारण कसं करायचं विचारलं, आणि सांगता सांगता हसली. तोच फोटो फ्रेम करणार.