अनुभव धागा : रेंगाळणारी दुखणी आणि लांब पल्ल्याचा सराव

लांब पल्ल्याच्या शर्यतींविषयी जे लिहिले जाते, त्यात वेळ आणि पदक यांनाच बहुतेक जागा मिळते. त्याआधीचे कित्येक महिने एखादी टाच किंवा गुडघा सांभाळत कसे काढले, याची नोंद सहसा राहत नाही. या धाग्यासाठी तीच नोंद हवी आहे. अपघाताने झालेली मोठी इजा येथे अभिप्रेत नाही. जे दुखणे पूर्ण थांबवतही नाही आणि पूर्ण बरेही होत नाही, ते असताना आपण सरावात नेमके काय बदलले आणि कुठे थांबावे लागले, हे सविस्तर लिहावे. रामबाण तेले आणि लेप सुचवू नयेत, ही विनंती. त्यासाठी प्रत्येकाच्या नात्यात एक तरी जाणकार असतोच.

सातारा, शिक्षक

सातारा हिल हाफ मॅरेथॉनच्या २१ किलोमीटरपैकी साधारण पहिला अर्धा भाग यवतेश्वर घाटाच्या चढाचा आणि उरलेला त्याच रस्त्याने उताराचा असतो. चढावर पोटरी आणि टाचेमागची अकिलीस कंडरा यांच्यावर जास्त ताण येतो आणि माझे दुखणे नेमके तिथलेच आहे. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली पावले लंगडत पडतात. थोडे चालल्यावर कंडरा मोकळी होते आणि आता सारे ठीक आहे, असे वाटू लागते. फिजिओथेरपिस्टनी विश्रांती न सांगता पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहून टाच सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम दिला : १५ वेळा, असे तीन संच, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. हा क्रम स्वीडनमधील अस्थिशल्यविशारद हाकान आल्फ्रेडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केला होता. हे करताना थोडे दुखले तरी चालेल, असे फिजिओथेरपिस्टनी सांगितले तेव्हा घरच्यांना ते पटेना. परंतु कंडरा भाराशिवाय बळकट होत नाही आणि नुसत्या विश्रांतीनंतर पहिल्याच चढाला ती पुन्हा तक्रार करते, हे मी पूर्वी अनुभवले होते. आता धावताना किती दुखले यापेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी ताठरपणा वाढला का, हे मी पाहतो. वाढला असेल, तर त्या आठवड्यात घाट नाही. सपाट रस्ता तेवढा.

पुणे, बँकेत नोकरी

माझे वरच्या अनुभवाच्या अगदी उलट आहे. चढ कितीही द्या. उतार लागला की काही वेळाने गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला टोचू लागते आणि चालायला लागताच थांबते. डॉक्टरांनी आयटी बँडचे, म्हणजे खुब्यापासून मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत येणाऱ्या पट्ट्याचे दुखणे असल्याचे सांगितले. फोम रोलरवर मांडी घासण्याचा सल्ला सगळेच देतात, पण त्याने मला तात्पुरते बरे वाटण्यापलीकडे काही मिळाले नाही. खुब्याच्या बाजूच्या स्नायूंचे व्यायाम आणि लहान, जलद पावले यांनी मात्र खरा फरक पडला. सिंहगड मी धावत चढते आणि खाली येताना जीपमध्ये बसते. त्यावर गटात विनोद होतात, ते होऊ द्यावेत.

नाशिक, सायकलस्वार

धावणाऱ्यांच्या या गर्दीत सायकलचेही थोडे लिहितो. ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल सफरीत, २०० किलोमीटरला साडेतेरा तास आणि ६०० ला ४० तास मिळतात. खाणे, पंक्चर आणि झोप सारे त्यातच. एवढा वेळ एकाच बैठकीत गेल्यावर माझ्या करंगळीला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येऊन पुढे अनेक दिवस शर्टाचे बटण लावणे अवघड होई. हँडलवर भार टाकल्याने तळहाताच्या कडेची नस दबत होती. जाड हातमोजे घेऊन झाले, पण मूळ कारण सीटमध्ये निघाले : तिचे टोक खाली झुकलेले असल्याने सगळे शरीर पुढे घसरत होते. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे आणि मागून दुखत असेल तर बहुधा वर, हा ढोबळ ठोकताळाही तेव्हाच कळला. महागडी सायकल घेण्याआधी बैठकीची मापे घेण्यावर खर्च करावा, असे माझे ठाम मत आहे.

मुंबई, निवृत्त, वय ६६

दोन्ही गुडघ्यांत झीज आहे. ती एक्स-रेमध्ये दिसते म्हणून धावणे सोडावे, असे माझ्या डॉक्टरांनी म्हटले नाही. मांड्यांचे स्नायू बळकट ठेवा आणि सूज आली तर थांबा, एवढेच सांगितले. मला लिहायचे आहे ते शर्यतीच्या सकाळी घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळीविषयी. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांमुळे मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी होऊ शकतो आणि घामाने शरीरातले पाणी घटलेले असताना हा धोका वाढतो. तरीही स्टार्टलाइनवर त्या शेंगदाण्यांसारख्या वाटल्या जाताना मी पाहिल्या आहेत. वाटेत मिळणारा स्प्रे त्वचा गार करतो, दुखण्याचे मूळ जिथल्या तिथेच राहते. मुंबई मॅरेथॉनच्या अखेरच्या टप्प्यात पेडर रोडचा चढ येतो; तो मी दरवर्षी चालत चढतो.

ठाणे, संगणक अभियंता

माझी नडगी आतल्या बाजूने दुखू लागली, तेव्हा ते शिन स्प्लिंट (अति धावण्याने नडगीच्या हाडालगत होणारे दुखणे) असल्याचे सर्वांचे मत पडले आणि सुरुवातीला ते खरेही असावे, कारण दुखणे लांब पट्ट्यात पसरलेले होते. पुढे ते आकसत एका बोटाखाली येईल एवढ्या जागी जमले आणि रात्री पडल्यापडल्याही ठणकू लागले. एक्स-रे स्वच्छ आला. तो सुरुवातीला तसा येऊ शकतो, असे सांगून अस्थिरोगतज्ज्ञांनी एमआरआय करायला लावला आणि त्यात हाडाचा स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या भाराने पडलेली बारीक चीर, दिसला.

त्यानंतर त्यांनी बुटांविषयी काही न विचारता मासिक पाळीविषयी विचारले. ती अनेक महिने अनियमित होती आणि सरावाचा ताण म्हणून घरात कोणी त्याचे फारसे मनावर घेतले नव्हते. अंतर वाढत होते, वजन उतरत होते आणि त्याचे कौतुकच होत होते. उपवासाच्या दिवशीही धाव चुकत नव्हती, हे तर घरात अभिमानाने सांगितले जाई. खर्चाच्या मानाने अन्न कमी पडले की शरीर इस्ट्रोजेनची निर्मिती घटवते, पाळी बिघडते आणि हाडांची डागडुजी मागे पडते, हा क्रम डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवला. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञगटाने २०१४ मध्ये या अवस्थेला ‘रेड-एस’ हे नाव दिले आणि ती पुरुषांनाही होते, हे नमूद केले.

धावणे पूर्ण बंद झाले. कंबरेला पट्टा बांधून तरणतलावाच्या खोल पाण्यात धावण्याची नक्कल करणे, हा काही काळ माझा एकमेव सराव होता आणि तो अतिशय कंटाळवाणा असतो, हे लपवण्यात अर्थ नाही. आहारतज्ज्ञांनी सकाळच्या सरावाआधी खाणे सक्तीचे केले आणि उपवास बंद करवले. त्यावर सासूबाईंनी, ‘तुझ्या वाटचे मी करीन’, असे म्हणून वाद मिटवला. आता दिवसाआड थोडे धावणे, मध्ये थोडे चालणे असे चालू आहे आणि नडगीपेक्षा पाळीच्या तारखा मी अधिक काळजीने लिहून ठेवते. जानेवारीच्या मॅरेथॉनसाठी नाव नोंदवलेले नाही.

धागा सुरू करणाऱ्याकडून

ठाण्याच्या अनुभवावरून एक विचारावेसे वाटते. बहुतेक धावगटांचे प्रशिक्षक पुरुष असतात आणि पाळीचा विषय तिथे निघतच नाही. ज्यांच्या गटात तो नीट काढला गेला, त्यांनी तो कोणी आणि कसा काढला, हे कृपया लिहावे.