कोळसुंदा (रानकुत्रा) क्रूर आहे का? मला तरी नाही वाटत

चितळवाट:
एप्रिलात ताडोब्याला गेलो होतो. सकाळी जिप्सीसमोरच सात-आठ कोळसुंद्यांनी चितळ पाडलं आणि गाडीतले सगळे ओरडायला लागले, जिवंतच खातात, किती क्रूर वगैरे. मी बघत होतो ते पुढचं. पिल्लं आली तशी मोठी बाजूला सरकली, तोंडाला रक्त, धापा टाकतायत, पण पिल्लांचं होईपर्यंत थांबून राहिली. आणि आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या २०१५ च्या अंदाजानुसार पिल्लं देऊ शकतील अशी प्रौढ जनावरं जगभरात फक्त ९४९ ते २२१५! वाघाइतका पैसा यांच्यावरही खर्च व्हायला हवा.

बांधावरचा:
पिल्लं आधी जेवतात ते ठीक आहे हो, पण माझी कालवड जंगलाच्या कडेला चरायला गेली ती परत आली नाही, मागचा भाग आधी खाल्ला होता, मी स्वतः पाहिलंय. पंचनामा झाला, पैसे अजून नाहीत. तुम्ही एक दिवस येता, आम्ही इथंच राहतो. आधी भरपाई वेळेवर द्या मग प्रेमाचं बोला.

सांबरशिंग:
बांधावरचा, भरपाईचं शंभर टक्के बरोबर. पण म्हणून कोळसुंद्यावर राग काढून काय होणार, तो राग पूर्वी काढून झालाय, १९७२ चा कायदा येईपर्यंत मारून आणला की सरकारी बक्षीस मिळायचं. जंगलात चितळ-सांबर भरपूर असलं की गुरांकडे वळायची वेळ कमी येते. आणि खरी भीती वेगळीच आहे, गावातल्या कुत्र्यांकडून येणारे डिस्टेंपर (कुत्र्यांचा एक विषाणूजन्य आजार) आणि रेबीज. कोळसुंद्यांच्या टोळीत सहसा एकच मादी विते आणि बाकीचे सगळे तिच्या पिल्लांना पोटातलं मांस ओकून भरवतात, एकमेकांची तोंडं चाटतात, म्हणजे एकाला लागण झाली की अख्खी टोळी धोक्यात.

बांधावरचा:
म्हणजे आता दोष आमच्या कुत्र्यांचा? बिबट्या आला की रात्री तीच भुंकतात म्हणून शेळ्या वाचतात, ती मी सोडणार नाही.

चितळवाट:
सोडा कोण म्हणतंय, फक्त लस टोचून घ्या.

बांधावरचा:
रेबीजची माहीत आहे, ते डिस्टेंपरचं पहिल्यांदाच ऐकतोय. माझ्याकडे तीन आहेत, गावात चाळीसेक असतील. तालुक्याला जायचं तर दिवस मोडतो. गावात येऊन टोचणार असाल तर सगळी धरून आणतो. कालवडीच्या पैशांचं मात्र मी विसरणार नाही.