दिवसातली दोन-चार मिनिटं धाप लागेपर्यंतचा व्यायाम: गोंयकरांनो, अनुभव लिहा

मळा, पणजी
नमस्कार मंडळी. आमच्याकडे सगळ्यांचं एकच पालुपद, "व्यायामाला वेळ नाही". म्हणून हा धागा काढतेय. २०२२ मध्ये सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या २५ हजारांहून जास्त लोकांच्या मनगटावरच्या यंत्रांची माहिती तपासली, हे सगळे व्यायाम न करणारे लोक होते. त्यातले जे रोजच्या कामातच तीनेक वेळा एकदोन मिनिटं जोरात दमायचे, म्हणजे चढ चढणं, बसमागे पळणं, सामान उचलून भरभर चालणं, त्यांच्यात हृदयविकाराने मृत्यूचं प्रमाण जवळजवळ निम्मं दिसलं. आता याने कारण सिद्ध होत नाही, नुसता संबंध दिसतो, पण माझ्यासाठी तेवढं पुरे होतं. मी आल्तिनोची चढण रोज एकदा न थांबता, जमेल तेवढ्या वेगाने चढते. वर पोचल्यावर एक वाक्य सलग बोलता येत नाही, मी तीच खूण धरते. तुम्ही काय करता, कसं जमवता, सविस्तर लिहा. ज्यांना त्रास झाला त्यांनीही लिहा.

फोंडा
ताई, छान धागा. मी शिक्षिका, आमची स्टाफरूम तिसऱ्या मजल्यावर. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात २०१९ च्या एका प्रयोगात बैठ्या तरुणांना तीन मजल्यांच्या साठेक पायऱ्या भरभर चढायला लावल्या, दिवसात तीनदा, मधे काही तास सोडून, आठवड्यातून तीन दिवस, आणि सहा आठवड्यांत त्यांचा दमसास थोडा का होईना वाढला. वाचल्यावर वाटलं हे तर आपल्या शाळेतच आहे की. सकाळी एकदा, मधल्या सुट्टीत एकदा, सुटताना एखादी वही विसरल्याचं निमित्त करून एकदा. साडी नेसलेल्या दिवशी वेग कमी ठेवते. उतरताना मात्र कठडा धरून सावकाश, कारण गुडघ्यांना त्रास उतरतानाच होतो. आता वर्गात गेल्या गेल्या शिकवायला सुरुवात करता येते, पूर्वी आधी खुर्ची शोधायचे.

मडगाव
माझं वय साठीच्या पुढे, अँजिओप्लास्टी झालेली आहे, त्यामुळे माझं म्हणणं जरा नीट वाचा. हे आपणहून सुरू करू नका. माझी आधी स्ट्रेस टेस्ट, म्हणजे व्यायाम करवून हृदयाची तपासणी, झाली, मग फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली स्थिर सायकलवर सुरुवात, आणि डॉक्टरांनी मर्यादा आखून दिली. नॉर्वेतल्या ट्राँडहाइमच्या संशोधकांनी लोकप्रिय केलेली पद्धत म्हणजे चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं हळू, असे चार फेरे, जोराच्या वेळी नाडी कमाल गतीच्या ८५ ते ९५ टक्के. माझ्यासाठी ते प्रमाण डॉक्टरांनी बरंच खाली आणलं. अजून एक गोष्ट कुणी सांगत नाही, बीटा ब्लॉकरच्या गोळ्या चालू असतील तर नाडी हवी तेवढी वाढतच नाही, घड्याळातला आकडा बघून तुम्ही उगाच जास्त जोर लावाल. मी श्वासावर जातो. छातीत दडपण, डाव्या हातात कळ, डोळ्यापुढे अंधारी, यातलं काहीही आलं तर थांबायचं आणि सरळ हॉस्पिटल गाठायचं. एवढं सांभाळून सांगतो, आता बाजारातून माशांची पिशवी घेऊन घरापर्यंत येताना मधे टेकावं लागत नाही, याचा आनंद मोठा आहे.

डिचोली
काकांनी लिहिलंय ते सगळ्यांनी वाचा, खूप महत्त्वाचं आहे. मी तबाता करते, २० सेकंद पूर्ण जोर, १० सेकंद विश्रांती, असे आठ. मूळ प्रयोग जपानचे इझुमी तबाता यांचा, १९९६ चा, तो सायकलवर होता आणि इतका जोर होता की सात-आठ फेऱ्यांत माणूस पार थकून जायचा. मोबाइलवर त्या नावाने जे आरामात चालतं ते वेगळं, चांगलं असेल पण ते तबाता नव्हे. आणि आपल्याकडचा मे महिना! दमटपणात घाम सुकतच नाही, अंग तापतं, म्हणून मी पहाटेच करते, आधी पाच मिनिटं अंग मोकळं करून, आणि आठवड्यात दोन-तीनदाच. रोज केलं की झोप बिघडते माझी.

म्हापसा
मला डायबेटिस आहे. शुक्रवारच्या बाजारात नारळ, केळी, भाजीच्या दोन पिशव्या घेऊन चढाने बसस्टँडपर्यंत यायचं, माझा व्यायाम तोच. एक लक्षात आलं, खूप जोर केला की साखर लगेच थोडी वर दिसते, मी घाबरले होते, पण डॉक्टरांनी सांगितलं जोराच्या व्यायामात लिव्हर साखर सोडतं, नंतर उतरते. इन्सुलिनवाल्यांना मात्र उलटा धोका, नंतर काही तासांनीही साखर खाली जाऊ शकते, म्हणून पर्समधे गोड ठेवाच. आणि चपला सोडा, बूट घाला, पायाला जखम झाली तर आम्हाला परवडत नाही.

मिरामार
मी चालणाऱ्यांच्या बाजूने बोलते हं. समुद्रकाठी तासभर फिरण्याने माझं मन शांत होतं, ते दोन मिनिटांच्या धावपळीने होणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्लाही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराची, दोन्ही चालतात असाच आहे, शिवाय दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. आता मी फिरताना मधेच ओल्या वाळूवर मिनिटभर भरभर चालते, इतकी तडजोड केली.

वास्को
शिफ्ट ड्युटी आहे, रात्रपाळीनंतर करावं का? आणि पावसात चिऱ्यांच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, तेव्हा काय?

मळा, पणजी
दादा, रात्रपाळीनंतर झोप आधी, उठून खाल्ल्यावर थोड्या वेळाने करा. आणि शेवाळाच्या पायऱ्या सप्टेंबरपर्यंत अजिबात नकोत, घरातल्या कोरड्या जिन्यावर चढउतर करा नाहीतर खुर्चीवरून भरभर उठाबसा, मिनिटभरात धाप लागते. पेडणे-काणकोणकडचे कुणी आहेत का, तुमच्याकडच्या डोंगरांवर काय करता ते लिहा ना.