कुरडया वाळत नाहीयेत, काय करू?

ताई, तुम्ही लिहिलंय की मेमध्येच पाऊस लागलाय, कुरडया दोन दिवस ओल्याच आहेत, टाकून देऊ का. लगेच टाकू नका हो. २०२५ ला आमची हीच गत झाली होती, २५ मेलाच मान्सून महाराष्ट्रात आला, २६ ला मुंबईत, त्याच्या आधीपासून अवकाळी चालूच आणि हवा इतकी गार की मेमध्ये पांघरूण घेऊन झोपत होतो. आईने कुरडया प्लॅस्टिकवरून काढून जुन्या सुती साडीवर घेतल्या, खिडक्या लावून पंखा फुल्ल, दर दोन-तीन तासांनी एकेक उलटायची, रात्रीपण उठायची. मधला वेढा दाबून बघा, मऊ लागला म्हणजे आत ओल आहे, डबा भरायचा नाही. बुरशीचे ठिपके दिसले तर मात्र त्या टाका, तळूनसुद्धा नको. गव्हाचा चीक उरला असेल तर आणखी कुरडया घालत बसू नका, दूध-गूळ घालून पोरांना द्या. मला जास्त वाईट कांदावाल्यांचं वाटतं, काढून ठेवलेला कांदा एकदा भिजला की साठवणीच्या कांदाचाळीत टिकतच नाही, आतून सडत जातो.