फोल्डरची मांडणी म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग?

तपशीलवार: परवा इथे कुणीतरी ठणकावून लिहिलं होतं, ‘विंडोचे आकार आणि फोल्डरचे व्ह्यू, म्हणजे फायली कशा दिसाव्यात ते, बदलत बसणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग. सर्च आहे ना!’ दोन दिवस ते डोक्यातून जात नाहीये.

मी दिवसभर दोन फोल्डर शेजारी-शेजारी ठेवून काम करतो. डावीकडे आलेल्या फायली, उजवीकडे तपासून झालेल्या. विंडोज-की आणि बाण दाबून अर्धा-अर्धा स्क्रीन मिळतो, पण मला उजवा अरुंद हवा असतो, फक्त नाव आणि तारीख दिसतील एवढा. सर्च करायचं तर फाइलचं नाव आठवावं लागतं. जागा ठरलेली असली की न आठवता हात तिथे जातो. हा वेळेचा अपव्यय कसा?

एकखिडकी: ते मीच लिहिलं होतं आणि अजूनही तेच म्हणेन. मला चार मशीनवर काम करावं लागतं. तुमच्या हाताची सवय दुसऱ्या मशीनवर काय कामाची? विंडो मॅक्सिमाइज करा आणि फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस घाला. नावाने सॉर्ट केलं की कुठेही क्रम बरोबर लागतो.

जुनी_जाणती: नावांचं पटलं, बाकी नाही. लोक वैतागतात कारण एका फोल्डरचा व्ह्यू बाकीच्यांना लावणारं ‘अप्लाय टू फोल्डर्स’ दाबूनही सगळीकडे लागू होत नाही. ते फक्त त्याच प्रकारच्या फोल्डरना लागतं. जनरल, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक, व्हिडिओज, प्रत्येकाला वेगळं करावं लागतं. जुन्या विंडोज एक्सपीत तर सुरुवातीला ४०० फोल्डरांचेच व्ह्यू लक्षात राहायचे, पुढे ती मर्यादा ५००० झाली. आणि डिटेल्स व्ह्यूमध्ये कंट्रोल धरून कीपॅडवरचा प्लस दाबा, सगळे कॉलम मजकुराएवढे रुंद होतात.

शेपूट_दाखवा: कॉलमचं राहू द्या, आधी एक्स्टेन्शन, म्हणजे नावामागचं .पीडीएफसारखं शेपूट, दिसू द्या! माझ्याकडे ‘अंतिम’ नावाच्या दोन फायली होत्या, एक वर्डची, एक पीडीएफ. छोट्या आयकॉनवरून घाईत चुकीची गेली. समोरच्याने माझ्या खोडलेल्या ओळींसकट कच्चा मसुदा वाचला. आठ दिवस तोंड दाखवायची लाज वाटत होती.

साधासरळ: आणि माझ्या आईने नाव बदलताना .जेपीजी खोडलं, फोटो उघडेना, रडकुंडीला आली. लपलेलंच बरं. सगळे तुमच्यासारखे तज्ज्ञ नसतात.

शेपूट_दाखवा: तज्ज्ञ कोण म्हणालं? विंडोज व्हिस्टापासून नाव बदलायला एफ-टू दाबल्यावर फक्त नावच सिलेक्ट होतं, शेपूट बाजूला राहतं. तरी खोडलंच तर इशारा येतो. आणि मे २००० मधला ‘आय लव्ह यू’ व्हायरस विसरलात? लोकांना .टीएक्सटी दिसत होतं, पुढचं .व्हीबीएस, म्हणजे चालणाऱ्या प्रोग्रॅमचं शेपूट, लपलेलं. साधा मजकूर समजून उघडलं.

साधासरळ: आईच्या फोटोंवरून एकदम व्हायरसवर! तिने इशाऱ्यालाही ‘येस’च दाबलं होतं. माणसं इशारे वाचत नाहीत, हे तुम्ही धरतच नाही.

शेपूट_दाखवा: वाचत नाहीत म्हणून माहितीच लपवायची? हे मला कधीच पटणार नाही.

तपशीलवार: अहो, विषय मांडणीचा होता. एकखिडकी, डाउनलोड्समध्ये ‘आज’, ‘गेला आठवडा’ असे तारखेचे गट पडलेले असतात. तुम्ही नावांत तारखा घालता, मग तुमचा क्रम तिथे मोडत नाही?

एकखिडकी: मोडतो. ‘ग्रुप बाय’मध्ये जाऊन ‘नन’ करतो.

तपशीलवार: चारही मशीनवर?

एकखिडकी: हो, चारही. तेवढं एक सेटिंग गरजेचं आहे, मान्य करतो. आकारांबद्दल माझं मत बदललेलं नाही.

शेपूट_दाखवा: आणि एक्स्टेन्शन?

एकखिडकी: तेही दिसतं ठेवतो.